औद्योगिक संबंधांच्या पदवीसाठी कॉलेज : दोन सत्रांनंतर काय वाटतं

कामगार आणि औद्योगिक संबंध या पदवीची दोन सत्रं आता संपत आली आहेत. इथे येऊ पाहणाऱ्यांसाठी माझा एकच निकष आहे: कॉलेज वाटाघाटीच्या टेबलाच्या दोन्ही बाजू, म्हणजे कामगारांची आणि व्यवस्थापनाची, शिकवतं का?

नावावरून याचा पत्ता लागत नाही. काही ठिकाणी हा विषय व्यवस्थापन विभागात असतो, काही ठिकाणी कायदा, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या छत्राखाली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात आहे तसं या विषयाचं स्वतंत्र स्कूल (स्थापना १९४५) क्वचितच सापडतं. बऱ्याच जागी पाटी औद्योगिक संबंधांची असते, पण आत निम्म्याहून जास्त तास भरती, प्रशिक्षण आणि कामगिरी मूल्यांकनात जातात. त्यामुळे माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सत्रनिहाय अभ्यासक्रम मागून घ्या. सामूहिक वाटाघाटी, कामगार कायदा, लवाद, कामगार चळवळीचा इतिहास हे सक्तीचे आहेत की ऐच्छिक, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. ऐच्छिक असतील तर ते दरवर्षी खरंच शिकवले जातात का, हेही विचारा.

आमच्याकडची सर्वात जमेची बाजू म्हणजे वाटाघाटींचा सराव. एक गट युनियन, दुसरा व्यवस्थापन, आणि अर्ध्यावर बाजू बदलायच्या. तीन वर्षांच्या करारात व्यवस्थापनाने दरवर्षी ५ टक्के वाढ देऊ केली, म्हणजे शेवटी १५.७६ टक्के. युनियनने पहिल्याच वर्षी १२ टक्के आणि पुढे काही नको, असं म्हटलं. आकडा लहान दिसतो, पण १०० रुपयांच्या वार्षिक पगारावर तीन वर्षांत ३३६ रुपये हातात पडतात. पहिल्या प्रस्तावात सुमारे ३३१. मात्र पुढच्या कराराची बोलणी ११५.७६ ऐवजी ११२ वरून सुरू होणार! बाजू बदलल्यावर आपणच मांडलेला मुद्दा खोडायची वेळ आली की घाम फुटतो. व्याख्यानातून हे येत नाही.

सिद्धान्ताचा भाग ठीकठाक आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन डनलॉप यांनी १९५८ मध्ये मांडलेली कामगार, व्यवस्थापन आणि सरकार अशी चौकट पहिल्याच महिन्यात होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वार्षिक परिषदेत प्रत्येक देशाचे सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे चार प्रतिनिधी का असतात, हे त्यानंतर चटकन उमगतं. संख्याशास्त्र मात्र अंगावर येतं. वेतनाची आकडेवारी वाचता आली नाही तर पुढचं सगळं अडतं, म्हणून त्याची तयारी आधीच करून या.

तक्रारीही आहेत. बाहेरून बोलावलेले वक्ते जवळजवळ सगळे कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागातले. युनियनचा पदाधिकारी आला तो एकदाच, तोही घाईत. ग्रंथालयात पाठ्यपुस्तकं भरपूर, पण प्रत्यक्ष झालेले वेतन करार आणि लवादाचे निवाडे हुडकावे लागतात. खरं तर या विषयात तेच वाचायला हवेत. इंटर्नशिपच्या यादीत युनियन कार्यालय, कामगार न्यायालय किंवा समेट अधिकाऱ्याचं कार्यालय आहे का, हे प्रवेशाआधी विचारा. उत्तर द्यायला समोरचा माणूस फाइल शोधू लागला, तर समजून जा.

नोकऱ्यांचे आकडे दाखवतील, ते बघाच. फक्त पदांची नावंही मागा. भरती आणि पगारपत्रक एवढंच करायचं असेल तर सरळ मनुष्यबळ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घ्या, तो बहुतेक ठिकाणी अधिक सुबक असतो.