बदलत्या टोकांच्या गोल सुया : आठ महिने विणल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी बदलत्या टोकांच्या गोल सुयांचा संच घेतला. गोल सुई म्हणजे लवचीक केबलने जोडलेली दोन छोटी टोकं. त्यात 3.5 ते 8 मिलिमीटरपर्यंतच्या लाकडी टोकांच्या आठ जोड्या, वेगवेगळ्या लांबीच्या चार केबल, केबलच्या टोकांना लावायची बुचं आणि जोड आवळायची एक छोटी किल्ली आहे. नंतर 4 मिलिमीटरची धातूची एक जोडी वेगळी घेतली. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर कौतुकाशिवाय काही लिहिता आलं नसतं. लाकूड गुळगुळीत, हाताला हलकं आणि पेटी उघडली की सगळं आपापल्या जागी. पण सुईची खरी ओळख काही हजार टाके विणून झाल्यावरच होते. मधल्या काळात या सुयांवर एक जाळीची शाल आणि दोन टोप्या पुऱ्या झाल्या, एक स्वेटर बाह्यांपर्यंत आला आणि पुढून उघडं असणारं एक जॅकेट अर्ध्यावर आहे. त्यामुळे आता खात्रीने सांगता येईल.

मी विणायला शिकले ते आईच्या सरळ सुयांवर. लांब सुई काखेजवळ टेकवायची आणि पाठीचा भाग जसजसा वाढेल तसतसं त्याचं वजन एकाच मनगटावर घ्यायचं. तासाभराने उजवं मनगट भरून यायचं आणि ते विणकामात असायचंच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. गोल सुईवर विणलेला भाग केबलवर सरकतो आणि मांडीवर विसावतो. हातात फक्त दोन छोटी टोकं उरतात. गोल सुई केवळ गोल विणण्यासाठी असते हा गैरसमज अजून पुष्कळ जणींचा आहे. तिच्यावर सपाट कापडही विणता येतं. ओळ संपली की काम फिरवायचं आणि उलट बाजूने परत यायचं. मनगटाचा त्रास पहिल्या दोन महिन्यांतच कमी झाला. माझ्यापुरता तरी हा संच तेवढ्यावरही वसूल झाला.

आता जोडाबद्दल, कारण असा संच चांगला की वाईट हे तिथेच ठरतं. टोकाच्या मागच्या बाजूला आटे असतात, केबलच्या डोक्याला स्क्रू. हाताने फिरवून बसवलं तर जोड बसल्यासारखा वाटतो, पण तो पुरेसा आवळलेला नसतो. किल्लीची काडी जोडाजवळच्या बारीक छिद्रात घालायची, दुसऱ्या हाताने टोक धरायचं आणि मगच शेवटचा पाव वेढा द्यायचा. आपण विणताना टोक नकळत थोडंथोडं फिरत असतं. काहींच्या हाताला ते सैल होण्याच्या दिशेने फिरतं आणि माझा हात त्यातलाच.

हे मला कळलं ते तिसऱ्या महिन्यात, शालीवर. बारीक धागा होता, 100 ग्रॅममध्ये 800 मीटर. मानेपासून सुरू होणारी त्रिकोणी शाल, दर सुलट ओळीला चार टाके वाढणारी. 240 च्या आसपास टाके असताना डाव्या हाताचा जोड उघडला आणि चाळीसेक टाके केबलवरून घसरून फटीतून बाहेर पडले. साध्या विणीतला सुटलेला टाका शिडीसारखा खाली जातो, तो क्रोशाच्या सुईने वर आणता येतो. जाळीत मात्र धागा पुढे घेऊन केलेली भोकं आणि दोन टाके एकत्र विणलेल्या जागा एकमेकांत गुंतलेल्या असतात. एक टाका सुटला की शेजारचा नमुनाही विस्कटतो. दहा ओळींखाली मी लाईफलाईन घालून ठेवली होती, म्हणजे सगळ्या टाक्यांमधून ओवलेला एक वेगळ्या रंगाचा दोरा. तिथपर्यंत उसवलं आणि सगळे टाके पुन्हा सुईवर घेतले. एक पूर्ण संध्याकाळ गेली, पण शाल वाचली.

लाईफलाईन घालायलाही हेच छिद्र कामी येतं. जोडाच्या छिद्रात बारीक दोरा अडकवायचा आणि नेहमीसारखी ओळ विणायची. केबलमागोमाग दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. सुईदोरा घेऊन एकेक टाका ओवायला लागत नाही. या एका सोयीमुळे मी जाळीला घाबरायची थांबले. आता विणायला बसले की आधी दोन्ही जोड आवळून घेते आणि मग पहिला टाका विणते. लाकडी टोकांची अणी जाळीसाठी पुरेशी टोकदार आहे. तीन टाके एकत्र घेतानाही ती धागा फोडत नाही.

सध्या सगळ्यात जास्त वेळ स्वेटरकडे जातो. एलिझाबेथ झिमरमन यांचं 1971 साली आलेलं पुस्तक मी या वर्षी वाचायला घेतलं. त्या इंग्लंडमध्ये जन्मल्या, अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि बिनशिवणीचा, गोल सुईवरचा स्वेटर त्यांनी आयुष्यभर लोकांना शिकवला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी टक्केवारीची पद्धत मला फार आवडली. छातीच्या घेराचे टाके म्हणजे 100 टक्के. मनगट त्याच्या 20 टक्के, दंड साधारण 33, गळा 40, काखेचा भाग 8. माझ्या विणीत 10 सेंटिमीटरला 22 टाके येतात आणि मला 100 सेंटिमीटर घेर हवा होता, म्हणजे 220 टाके. मनगट 44, दंड 74 (दोन्ही बाजूंनी सारखे टाके वाढवायचे म्हणून 73 चे 74 केले), काख 18, गळा 88. धड आणि दोन बाह्या काखेशी एकत्र आल्या आणि दोन्हींकडचे काखेचे टाके बाजूला ठेवले की गोलाव्याला, म्हणजे काखेपासून गळ्यापर्यंतच्या एकसंध भागाला, 296 टाके होतात. हे गणित मी वहीच्या अर्ध्या पानावर केलं. दुसऱ्याच्या नमुन्यातले आकडे ओळीओळीने पाळताना जी धास्ती असते ती यात नव्हती, कारण प्रत्येक आकडा कुठून आला ते मला ठाऊक होतं.

बदलत्या टोकांचा खरा उपयोग इथे कळतो. धड काखेपर्यंत विणून झालं, तेव्हा टोकं काढली, केबलला दोन्हीकडे बुचं लावली आणि तेच 4 मिलिमीटरचं टोक दुसऱ्या केबलवर चढवून बाही सुरू केली. 220 टाके केबलवर निवांत थांबलेत. त्याआधी दोन केबल जोडून सगळे टाके लांबलचक केबलवर पसरले आणि स्वेटर अंगात घालून पाहिला. लांबी 3 सेंटिमीटर कमी आहे हे तेव्हाच दिसलं. सरळ सुयांच्या काळात हे मला पाठ, पुढा आणि बाह्या शिवून झाल्यावर कळायचं, जेव्हा काही करता येत नाही.

बाहीला मात्र संच थोडा अपुरा पडतो. 44 टाके म्हणजे जेमतेम 20 सेंटिमीटरचा घेर. इतका लहान घेर विणायला 40 सेंटिमीटरची गोल सुईही मोठी पडते आणि या संचातली लांब टोकं लावून 40 सेंटिमीटरची सुई नीट तयारही होत नाही. त्यामुळे मॅजिक लूप करावं लागतं. लांब केबल घ्यायची, टाके दोन भागांत वाटायचे आणि मधून केबलचा फास बाहेर काढून अर्धे अर्धे विणायचे. जमतं, पण दर अर्ध्या फेरीला केबल ओढावी लागते. केबल ताठर असेल तर हे कंटाळवाणं होतं. पेटीत गुंडाळून ठेवलेल्या केबलला वळ पडतो. गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ धरली की तो बराच जातो.

लाकूड आणि धातू यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात मी स्वतः फसले. दोन्ही सुयांवर 4 मिलिमीटर लिहिलेलं, म्हणून वीणही तीच येईल असं मी गृहीत धरलं. नमुन्याचा चौकोन लाकडी टोकांवर विणला, धुतला, वाळवला, मोजला : 22 टाके. मग वेग मिळावा म्हणून धड धातूच्या टोकांवर सुरू केलं. 25 सेंटिमीटर झाल्यावर पट्टी लावली तर 21 टाके. एका टाक्याने काय होतं असं वाटेल, पण 220 टाक्यांवर घेर 100 चा जवळपास 105 सेंटिमीटर झाला. धातूवर धागा सहज सरकतो, हात सैल पडतो आणि टाका मोठा होतो. लाकूड धाग्याला किंचित धरून ठेवतं. सगळं उसवलं आणि लाकडी टोकांवर पहिल्यापासून विणलं. आता नमुना ज्या सुईवर विणला त्याच सुईवर कपडा विणते आणि वहीत माप लिहिताना सुईचा प्रकारही लिहिते. धातूची जोडी मी खरखरीत लोकरीसाठी ठेवली आहे, तिथे तिचा वेग खरंच उपयोगी पडतो. रेशमासारखा निसरडा धागा असेल तर लाकूडच.

जॅकेट सपाट विणते आहे आणि तिथे एक फायदा अचानक हाती लागला. माझ्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल येतात, त्यामुळे कापडावर आडव्या नाल्या दिसायच्या. टाक्याचं माप उजव्या हातातल्या टोकावर ठरतं. म्हणून केबलच्या एका टोकाला 4.5 आणि दुसऱ्याला 4 मिलिमीटरचं टोक लावलं. सुलट ओळीत उजव्या हातात 4.5 येतं आणि उलट ओळीत 4. नाल्या गेल्या. इतकी वर्षं मी हात बदलायचा प्रयत्न करत होते, तो प्रश्न अर्ध्या मिलिमीटरने सुटला.

मोज्यांसाठी हा संच घेऊ नका. माझे मोजे 64 टाक्यांचे, 2.5 मिलिमीटरच्या सुईवर. संचातलं सगळ्यात बारीक टोक 3.5 चं. मोजे मी चार-पाच बारीक सुयांवरच विणते, आणि गंमत म्हणजे वाचनातही सध्या तेच चालू आहे. रिचर्ड रट यांचा हातविणकामाचा इतिहास (1987) रोज रात्री थोडा थोडा वाचते. रट हे बिशप होते आणि स्वतः विणायचे. जुन्या विणकामाबद्दल वाचता वाचता मी मास्टर बर्ट्राम या जुन्या जर्मन चित्रकाराच्या चित्रापर्यंत पोचले. बुक्स्टेहुड इथल्या वेदीसाठी 1400 च्या सुमारास काढलेलं ते चित्र आता हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. मेरी चार सुयांवर एका लहान सदऱ्याचा गळा गोल विणते आहे आणि बाळ येशू जवळ आहे. मी ते चित्र मोठं करून कितीतरी वेळ पाहिलं. आई स्वेटरचा गळा अगदी अशाच चार सुयांवर विणायची. दुसरी गोष्ट फ्लोरेन्सच्या डचेस, टोलेडोच्या एलेनोर यांच्या मोज्यांची. 1562 मध्ये त्यांना पुरलं तेव्हा पायात रेशमी विणलेले मोजे होते आणि उलट टाक्याचा आज माहीत असलेला अगदी जुना पुरावा त्यांत सापडतो. एक सुलट एक उलट हे आपण इतकं सहज म्हणतो, म्हणून त्यातल्या उलट टाक्याचा इतिहास इतका अलीकडचा असेल असं मला वाटलं नव्हतं.

वाचन आणि विणकाम दोन्हींना वेळ कसा मिळतो, असं मला नेहमी विचारलं जातं. धडाच्या साध्या सुलट फेऱ्या न बघता विणता येतात, तेव्हा समोर पुस्तक उघडं असतं आणि पानावर एक जड पट्टी ठेवलेली असते. सकाळी अर्धा तास हे चालतं. जाळी आणि टाच यांना पूर्ण लक्ष लागतं, त्या मी रात्री, सगळं आवरल्यावर विणते. त्यामुळे एका वेळी एक साधं आणि एक अवघड काम सुईवर असतं. संच आल्यापासून हे सोपं झालं, कारण प्रत्येक कामाला वेगळी सुई अडकून पडत नाही.

सातव्या महिन्यात एक केबल गेली. स्क्रूचं धातूचं डोकं केबलपासून सुटलं. आत डिंकासारखं काहीतरी लावलेलं दिसत होतं. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी दुसरी केबल पाठवली, पण येईपर्यंत तीन आठवडे गेले. लाकडी 3.5 च्या एका टोकाला जोडाजवळ बारीक कंगोरा होता, बारीक धागा तिथे अडकायचा. अगदी बारीक पॉलिश पेपरने दोन मिनिटं घासल्यावर तो गेला. विकत घेतल्यावर प्रत्येक जोडावरून नख फिरवून पाहा. नखाला लागलं तर धाग्यालाही लागणार.

नुकतंच शिकायला सुरुवात करत असाल तर अख्खा संच घेण्याची गरज नाही. 4 मिलिमीटरची 80 सेंटिमीटर लांब एक साधी अखंड गोल सुई पुष्कळ झाली. तिला जोडच सुटायची भीती नाही. पण एकापेक्षा जास्त कामं सुईवर असतील आणि मापं सतत बदलत असतील तर संच घ्याच. सोबत एक जास्तीची लांब केबल पहिल्याच दिवशी घ्या. धड केबलवर थांबवून ठेवायचं असेल तेव्हा ती नसली तर काम अडतं, माझं दोनदा अडलं.

उजव्या बाहीचे 15 पैकी 11 वेळचे टाके वाढवून झाले आहेत. डावी बाही विणून झाली की 296 टाके एका केबलवर येतील. त्या दिवशी जोड दोनदा आवळून घेणार आहे.