गेम स्टुडिओतली नोकरी: आधी पॅकेज बघायचं की टिकलेली माणसं?

गेम कंपनीची ऑफर आली की सगळे पॅकेज विचारतात. मी आधी विचारेन, मागचा गेम पडला तेव्हा कंपनीने माणसांचं काय केलं?

जपानमधल्या क्योतोची गेम कंपनी निन्टेन्डो बघा. गेम डिझायनर शिगेरू मियामोतो तिथे 1977 साली लागले, डिझायनर ताकाशी तेझुका आणि संगीतकार कोजी कोंडो 1984 साली. पुढच्याच वर्षी तिघांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. 2023 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'चे निर्मातेही तेझुकाच. मधल्या काळात कंपनीचा 'वी यू' हा गेम कन्सोल सपशेल आपटला. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी 2014 मध्ये स्वतःचा पगार काही महिने निम्मा केला, गेम बनवणाऱ्या माणसांना हात लावला नाही. कपातीच्या धास्तीत असलेल्या माणसांकडून चांगले गेम होत नाहीत, हे ते भागधारकांना आदल्याच वर्षी सांगून बसले होते. 2017 मध्ये 'स्विच' हा पुढचा कन्सोल आला आणि 15 कोटींवर विकला गेला.

दुसरीकडे मायक्रोसॉफ्ट. ऑक्टोबर 2023 मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी विकत घेतली, जानेवारीत गेमिंगमधले 1,900 जण कमी केले. मे 2024 मध्ये स्वतःच्याच मालकीची टँगो गेमवर्क्स ही स्टुडिओ कंपनी बंद करायची घोषणा झाली. टँगोचा 'हाय-फाय रश' हा गेम तर पडलाही नव्हता, उलट नावाजला गेला होता! आणि टँगो टोकियोतली, त्यामुळे 'जपानी स्टुडिओ म्हणजे निर्धास्त' हेही धरून चालू नका. निर्णय मालकाचा असतो. पुढे 'बीजीएमआय' या मोबाइल गेमवाल्या क्राफ्टन कंपनीने ती टीम घेतली, म्हणून बरं.

अमेरिकन स्टुडिओत पैसा जास्त, हे खरंच. स्टुडिओ बदलत गेलात तर पदही लवकर वाढतं. क्योतोत जपानी यायलाच हवं आणि मोठी जबाबदारी मिळायला बरीच वर्षं थांबावं लागतं. घरावर कर्ज असेल तर पैशाची बाजू घेतली म्हणून कुणी नावं ठेवू नयेत.

पुण्यात राहून हेच करायचं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: प्रोजेक्ट कुणाच्या हातात आहे? युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे-मुंबई स्टुडिओंकडचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या गेमचा रीमेक 2022 मध्ये कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेला. इंटरव्ह्यूत सरळ विचारा, लीड इथे किती वर्षं आहेत, मागचा प्रोजेक्ट संपल्यावर टीम कुठे गेली. पहिली नोकरी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन-तीन गेम एकत्र पूर्ण केलेले सीनियर जिथे अजून बसलेत, तिथे थोडा कमी पगार घेऊनही जा.