शार्डोने: स्टीलच्या टाकीत आंबवावी की ओकच्या बॅरलमध्ये?

ज्यांची शार्डोनेची, म्हणजे पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची, बाग यंदा काढणीला येणार आहे आणि रस कशात आंबवायचा हे अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नारायणगाव, दौंड, बारामती भागातल्या छोट्या उत्पादकांशी पुण्यात गाठ पडते तेव्हा बोलणं फिरून फिरून बॅरलवर येतं. बॅरल घेतलं की वाइनचा दर्जा वाढतो, असा समज बऱ्याच जणांचा असतो. माझं मत वेगळं आहे. रसात मुळात आंबटपणा आणि भरीवपणा असेल तर बॅरल त्याला फार सुंदर आकार देतं. ते नसेल तर वाइन जड, सपाट आणि लाकडाच्या वासाची होते, आणि खर्च झालेला असतो तो वेगळाच. म्हणून आधी रसाचा विचार करू.

बॅरलमध्ये आंबवलेल्या शार्डोनेची जी उदाहरणं आपल्यासमोर ठेवली जातात, ती बहुतेक थंड प्रदेशातली आणि पुष्कळदा जुन्या वेलींची असतात. फ्रान्सच्या बर्गंडीतली म्यर्सो आणि प्युलिनी-मोंराशे ही गावं घ्या, किंवा अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये आयरी व्हिनयार्ड्सने १९६०च्या दशकात लावलेल्या वेली घ्या. तिथे द्राक्ष पिकायला लागतं तेव्हा उन्हाळा सरत आलेला असतो आणि रात्री गार होत जातात. आपल्याकडे हे चक्र नेमकं उलटं फिरतं. ऑक्टोबर छाटणीनंतर वेल थंडीत फुलते, मणी धरते आणि फेब्रुवारी-मार्चला माल पिकतो तेव्हा ऊन रोज चढत असतं. द्राक्षातली मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं, पण मॅलिक उन्हाच्या तापात मणी स्वतःच श्वसनात जाळून टाकतो. त्यामुळे २२ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढलेल्या थंड प्रदेशातल्या रसात जी धार असते, ती आपल्या २२ ब्रिक्सच्या रसात बहुतेक वेळा नसते. साखर सारखी दिसते म्हणून रस सारखा समजणं, ही या सगळ्या निर्णयातली सर्वांत महागडी गफलत आहे.

जुन्या वेलींचंही असंच. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०२४ मध्ये जुनी वेल म्हणजे ३५ वर्षं किंवा त्याहून अधिक वयाची, अशी व्याख्या केली. दक्षिण आफ्रिकेतही जुन्या बागांना प्रमाणपत्र देताना ३५ वर्षांचीच अट आहे. अशा वेलीचं खोड आणि मुळं जाडजूड असतात, त्यांत अन्नसाठा असतो, मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे एखादा कोरडा महिना किंवा अवेळी पाऊस तिला लगेच हलवत नाही. माल आपसूक कमी येतो. पण वयामुळेच वाइन चांगली होते, हे शास्त्राने ठामपणे सिद्ध केलेलं नाही. ज्या बागेची वाइन सुमार होती ती पन्नास वर्षं कुणी राखलीच नसती, हेही त्यात आलंच. आपल्या वेलीला हिवाळी झोपच मिळत नाही. वर्षातून दोनदा छाटणी होते, ती थकते, आणि पंधरा वर्षांच्या आसपास बरेच जण बाग मोडतात. जुन्या वेलीचं वय आपण आणू शकत नाही, तिचा तोल काही प्रमाणात आणू शकतो. घडांची विरळणी वेळेत आणि हात न आखडता करा, एकरी तीन-साडेतीन टनांवर थांबा, पाण्याचा ताण विचार करून द्या. खुंट आणि छाटणीच्या बाबतीत पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय नवी लागवड करू नका.

आता भांडी. स्टीलच्या टाकीबद्दल फार लिहायला नको, कारण ती आपल्याला ओळखीची आहे. टाकीला जॅकेट (गार पाणी फिरवायचं बाहेरचं आवरण) असतं, तापमान १३ ते १५ अंशांवर धरता येतं, हवा आत शिरत नाही. लिंबू, हिरवं सफरचंद, पेअर असे फळांचे वास राहतात, वाइन सहा-आठ महिन्यांत बाटलीत जाते आणि पैसा मोकळा होतो. फ्रान्समधल्या शाब्लीची बहुतांश वाइन स्टीलमध्येच बनते आणि तिला कुणी दुय्यम म्हणत नाही.

बॅरलमध्ये मात्र बरंच काही एकाच वेळी घडतं. अख्खे घड हलक्या दाबाने पिळायचे, रस एक रात्र थंडीत निवळू द्यायचा आणि थोडा गढूळ असतानाच बॅरलमध्ये भरायचा. बर्गंडीतलं बॅरल २२८ लिटरचं असतं. फेस उतू जाऊ नये म्हणून वर दहा-पंधरा टक्के जागा सोडतात. आंबणं सुरू झालं की आतलं तापमान २० ते २५ अंशांपर्यंत जातं, त्यामुळे ताज्या फळांचे वास टाकीइतके उरत नाहीत. त्या बदल्यात तोंडात भरणारा पोत मिळतो. साखर संपल्यावर मेलेलं यीस्ट तळाशी बसतं. हा गाळ काढून न टाकता महिनोन्‌महिने वाइन त्याच्यावरच ठेवतात आणि अधूनमधून काठीने ढवळतात. गाळातून सुटणारी द्रव्यं वाइनला गोलाई देतात, आणि लाकडाच्या फटींतून येणारा ऑक्सिजनही हा गाळ शोषून घेतो. सोबतीला बहुतेक ठिकाणी मॅलोलॅक्टिक प्रक्रिया होते. बॅक्टेरिया तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यातच डायअ‍ॅसिटिल नावाचा, लोण्याच्या वासाचा पदार्थ तयार होतो. थंड प्रदेशातल्या आंबट रसाला याची गरजच असते.

यात एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते आणि निर्णयासाठी तीच सर्वांत कामाची आहे. बॅरलमध्ये आंबवलेल्या वाइनला, टाकीत आंबवून मग बॅरलमध्ये मुरवलेल्या वाइनपेक्षा, लाकडाचा वास कमी येतो. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. जिवंत यीस्ट लाकडातून सुटणाऱ्या व्हॅनिलिनचं (व्हॅनिलाच्या वासाच्या द्रव्याचं) जवळजवळ वास नसलेल्या दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतं, आणि गाळ लाकडातला तुरटपणा ओढून घेतो. टाकीतली स्वच्छ, गाळलेली वाइन नव्या बॅरलमध्ये ओतली की तिला हे संरक्षण नसतं आणि ती लाकूड थेट पिते. ‘आधी टाकीत सुरक्षित आंबवू, मग चार महिने बॅरलला लावू’ हा मधला मार्ग आपल्याकडे सगळ्यांना सोयीचा वाटतो. पांढऱ्या वाइनसाठी, नवं बॅरल असेल तर, मी तो सुचवणार नाही. ओकच्या चिप्सच्या पिशव्या टाकीत सोडणं स्वस्त आहे, पण त्यात वास मिळतो, पोत मिळत नाही.

मग आपल्याकडे बॅरल वापरायचंच नाही का? वापरायचं, पण पीएच पाहून (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट). रस ३.६ पीएचचा असेल आणि वर मॅलोलॅक्टिकही होऊ दिलं, तर आम्लता आणखी उतरते, पीएच आणखी चढतो आणि वाइन तोंडात बसकण मारते. केएमएसचा, म्हणजे वाइन टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड देणाऱ्या पावडरीचा, परिणामही पीएचवर ठरतो. मोकळ्या सल्फर डायऑक्साइडचा जंतूंना रोखणारा भाग ३.२ पीएचला सुमारे ४ टक्के असतो, ३.६ ला तो दीड टक्क्याच्या जवळ येतो. म्हणजे तेवढंच संरक्षण हवं असेल तर जवळपास अडीचपट सल्फर लागतो. बॅरलमध्ये हवा थोडी थोडी आत येतच असते, त्यामुळे इथली चूक टाकीपेक्षा लवकर अंगाशी येते. बर्गंडीसारख्या ठिकाणीही १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कित्येक पांढऱ्या वाइन अपेक्षेच्या फार आधी तपकिरी पडल्या आणि त्यामुळे तिथले उत्पादक हादरले होते. आपण तर मुळातच चढ्या पीएचवरून सुरुवात करतो.

म्हणून माझा आग्रह असा: काढणी ब्रिक्सवर ठरवू नका, पीएच आणि चव यांवर ठरवा. माल पहाटे, उजाडायच्या आत तोडा. टार्टारिक घालायचंच असेल तर रसातच, आंबण्याआधी घाला, म्हणजे ते वाइनमध्ये मिसळून जातं. शेवटी घातलेलं वेगळं टोचतं. आणि मॅलोलॅक्टिक अडवा. यात कमीपणा काही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट रिव्हरची लूविन इस्टेट आपली नावाजलेली शार्डोने नव्या बॅरलमध्ये आंबवते आणि मॅलोलॅक्टिक टाळते. फक्त एक पथ्य: मॅलिक शिल्लक ठेवलं तर बाटलीत भरण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून गाळणं आवश्यक आहे, नाहीतर ती प्रक्रिया पुढे बाटलीतच सुरू होईल.

दुसरा अडसर खोलीचा. टाकीला जॅकेट असतं, बॅरलला नसतं. ते थंड ठेवायचं म्हणजे सगळी खोली १४ ते १६ अंशांवर ठेवायची, आणि तीही मार्चमध्ये, जेव्हा आपल्याकडे दुपारी पारा पस्तिशीच्या वर जातो. दोन तास लाइट गेली आणि जनरेटर तयार नसेल तर आंबणाऱ्या बॅरलचं तापमान कुठे जाईल सांगता येत नाही. पुढे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बॅरलमधून वाइन उडत राहते. दर आठवड्याला-पंधरवड्याला भर घालावी लागते आणि त्यासाठी त्याच वाइनचा छोटा साठा वेगळा ठेवावा लागतो. थंड यंत्रणेचा आणि जनरेटरचा हिशोब बॅरलच्या आधी करा. खोली गार राहणार नसेल तर बाकी चर्चा थांबवून सगळा रस स्टीलमध्ये घ्या.

खर्च थोडक्यात: चांगलं फ्रेंच ओकचं नवं बॅरल हजार युरोच्या आसपास पडतं, भाडं आणि कर धरून ते लाखावर सहज जातं. त्यातून साधारण तीनशे बाटल्या निघतात. म्हणजे पहिल्या वर्षी बाटलीमागे तीनशेहून अधिक रुपये नुसत्या लाकडाचे. तीन-चार हंगामांनी ते वास देणं थांबवतं, तोवर खर्च विभागला जातो, पण पहिल्या वर्षाचे पैसे तर घालावेच लागतात.

हे सगळं एकत्र ठेवल्यावर मी कुणाला काय सांगेन? पहिलाच हंगाम असेल, पीएच ३.५ च्या वर असेल किंवा गार खोली नसेल, तर पूर्ण स्टील. गाळावर चार-पाच महिने ठेवून टाकीतच ढवळा. पोताचा बराच भाग तिथेच मिळतो. रस ३.४ च्या खाली असेल, खोली भरवशाची असेल, दोन हंगाम हात बसलेला असेल, तर एक तृतीयांश रस ५०० लिटरच्या वापरलेल्या बॅरलमध्ये आंबवा, उरलेला स्टीलमध्ये, आणि सहा-सात महिन्यांनी एकत्र करा. मोठं बॅरल घ्यायचं कारण असं की त्यात वाइनच्या प्रमाणात लाकूड कमी लागतं, आणि वापरलेलं असल्याने वास बेताचा येतो. माझी खरी पसंती यालाच आहे. इथल्या मालाला हे प्रमाण शोभतं. पूर्ण बॅरल मात्र ज्याच्याकडे उंचावरची, गार रात्रींची बाग आहे आणि दीड-दोन वर्षं पैसा अडकून पडला तरी चालेल, त्यानेच करावी.

गिऱ्हाईकही डोळ्यांसमोर ठेवा. पुण्यात पांढरी वाइन बहुतेक जण फार गार करून पितात. स्टीलमधली ८-१० अंशांवर खुलते आणि तळलेल्या बोंबलाबरोबर, कोथिंबीर वडीबरोबर झकास लागते. बॅरलमधली इतकी गार दिली की नुसतं लाकूड लागतं. ती १२-१३ अंशांवर द्यावी, काजू-खसखशीच्या रश्शाबरोबर किंवा कोल्हापुरी पांढऱ्या रश्शाबरोबर. हे लेबलवर मराठीत छापा.

वापरलेलं बॅरल घेणार असाल तर ते पांढऱ्या वाइनचंच घ्या. लाल वाइनच्या बॅरलचा रंग पांढऱ्या वाइनमध्ये उतरतो. आपल्या हवेत रिकामं बॅरल लवकर वाळून फळ्या आकसतात, म्हणून काढणीच्या आठवडाभर आधी गरम पाणी भरून गळती बघा. आणि व्यवहार करण्याआधी बूच काढून नाक आत घाला. व्हिनेगरचा किंवा तबेल्याचा वास आला तर कितीही स्वस्त मिळत असलं तरी तिथेच सोडून या, कारण लाकडात मुरलेला तो जंतू धुऊन जात नाही.