वाडीवरचं पोर शिकायला ठेवायचं कुठं : कागल, आश्रमशाळा की कोल्हापूर?

मे उजाडला की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या वाड्यांवरनं फोन सुरू होतात : "पोराला कुठं टाकायचं?" चौथीपर्यंत वाडीतच शाळा असते. पुढच्या शाळेला जायचं तर पावसाळाभर ओढा आडवा. मी स्वतः आठवीपासून कोल्हापुरात बोर्डिंगला राहून शिकलो, म्हणजे माझं माप जरा तिकडं झुकणारच.

कागलच्या जवाहर नवोदय विद्यालयात नंबर लागला, तर दुसरा विचार करू नका. सहावी ते बारावी, राहणं-जेवण-पुस्तकं सरकारची. नववीपासून काहींना महिना 600 रुपये विकास निधी पडतो. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. अडचण एवढीच की जागा जेमतेम 80, परीक्षा पाचवीत, आणि ती एकदाच देता येते.

इथं लोक हमखास चुकतात. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते. तयारी चांगली होईल म्हणून चौथीलाच पोरगं शहरातल्या मावशीकडं आणलं, की तो हक्क गेला! नववीत काही मुलांना वर्षभर परराज्यातल्या नवोदयला धाडतात, तेवढं आईच्या कानावर आधीच घाला.

विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या आश्रमशाळा धनगरवाड्यावरच्या पोरांनाही घेतात, तेही पहिलीपासून. सोय हीच आणि मला खटकतं तेही हेच. सहा वर्षांच्या पोराला ताप आला तर ते सांगणार कुणाला? चालवते संस्था, अनुदान सरकारचं, त्यामुळं एकीवरनं दुसरीची पारख होत नाही. बघायला जुलैत जा, आणि न कळवता जा. मी एकीकडं गेलो तेव्हा दोरीवरचे गणवेश चार दिवस वाळले नव्हते. हात पुढं कर म्हटल्यावर पोरानं मूठच मिटली. उघडली तर बेचक्यांत खरूज. "पावसाळ्यात असंच असतंय," अधीक्षक म्हणाले. तसं सगळीकडं नसतं. दुसऱ्या एका शाळेत चुलीच्या वर बांबू टांगून कपडे सुकवत होते.

राहता राहिलं कोल्हापूर. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं जातीजातींची बोर्डिंगं उभी करायला हातभार लावला. कर्मवीर भाऊराव पाटील इथल्या जैन बोर्डिंगातलेच. जुन्या बोर्डिंगांत शाळकरी मुलं घेतात का, हे आधी विचारा. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं आठवीपासून, मोफत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, तो मेमध्येच काढून ठेवा. इथं शाळा वेगळी, राहणं वेगळं. शाळा पटली नाही तर वसतिगृह न सोडता ती बदलता येते. उलट शाळा सुटल्यापासून जेवणाच्या घंटेपर्यंत पोर कुठं हिंडतंय, हे कुणी बघत नाही. आम्ही रंकाळ्यावर असायचो.

मला विचाराल तर पाचवीपर्यंत घरी, पाचवीतच नवोदयची परीक्षा. नाही जमलं तर सातवीपर्यंत रस्त्याकडेच्या गावात पाव्हण्यांकडं, आठवीला कोल्हापूर. मुलगी असेल आणि वाडीखाली एसटी येत असेल, तर घाई नको. तिचा पास मोफत आहे.

ट्रंकेला कुलूप चांगलं घ्या आणि दुसरी किल्ली घरी ठेवा. माझी पहिल्याच आठवड्यात पंचगंगेत गेली. आबा शनिवारच्या गाडीनं कानस घेऊन आले होते.