पार्ट उसने मागवावेत की पीडीएफ छापून घ्यावी?

संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला स्टाफ नोटेशनवर (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीवर) वाजवणारा छोटा वाद्यवृंद उभा करायचा म्हटलं, की तालमीआधी हा प्रश्न येतोच. पार्ट म्हणजे एकेका वाद्यापुरती वेगळी लिहिलेली स्वरलिपी. मी संगीतरचना करतो. कार्यक्रमात माझ्या रचनेच्या जोडीला एखादी जुनी पाश्चात्त्य रचना ठेवतो आणि त्यासाठी दोन्ही वाटा वापरल्या आहेत.

पीडीएफची सोय मोठी आहे. आयएमएसएलपी हे हक्क संपलेल्या रचनांची स्वरलिपी मोफत देणारं संकेतस्थळ २००६ पासून आहे. रात्री उतरवून घ्या, सकाळी झेरॉक्सच्या दुकानात द्या. पुण्याहून येणाऱ्या चेलोवाल्याला व्हॉट्सॲपवर आधीच पाठवता येते. आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे मोझार्टच काय, १९५७ साली गेलेले सिबेलियसही मोकळे. स्ट्राविन्स्की मात्र १९७१ साली गेले. त्यांच्या रचनांसाठी २०३१ संपेपर्यंत परवानगी घ्यावीच लागते.

उसन्या पार्टांसाठी पत्रं लिहावी लागतात, कधी प्रकाशकाला, कधी ओळखीच्या वाद्यवृंदाला. उत्तर उशिरा येतं, अनामत ठेवावी लागते, गजाच्या खुणा मऊ पेन्सिलीने करून परत देताना खोडाव्या लागतात. एवढा व्याप कुणालाही नकोसा वाटेल.

तरी माझा कल उसन्या पार्टांकडे आहे, आणि कारण एकच: पान उलटणं. चांगल्या छापील पार्टात पान उलटायची जागा शक्यतो विरामावर आणलेली असते. झेरॉक्सवाला मुखपृष्ठ गाळतो, डावं पान उजवीकडे जातं आणि नेमकं धावत्या स्वरांच्या मधोमध पान उलटावं लागतं. एका स्टँडवर दोघे बसतात. आतल्या बाजूचा वादक पान उलटतो, तेवढा वेळ त्याचा गज थांबतो. सगळ्यांकडे तीच प्रत, म्हणून सगळ्या स्टँडवर एकदमच. मोठ्या वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनांतले उरलेले आठ जण निभावून नेतात. आपल्याकडे पहिली व्हायोलिनं चार असतात. त्यातली दोनच वाजत राहिली की मागच्या रांगेलाही कळतं. शिवाय मूळ पार्ट एफोरपेक्षा मोठे, ते एफोरवर बसवले की स्वर बारीक होतात. मार्च-एप्रिलात पंख्याशिवाय तालीम होत नाही आणि सुटे कागद चिमटे लावूनही फडफडतात. उसना पार्ट जाड कागदाचा, शिवलेला असतो. स्टँडवर ठेवला की जागचा हलत नाही.

अर्थात, रचना दोन-तीन पानांची असेल किंवा शाळेचं स्नेहसंमेलन असेल, तर पीडीएफ पुरते. पानांच्या जोड्या नीट लावून देणारा बाइंडर तुमच्या गावात असेल, तर तुमचं मत वेगळंही पडेल. पण तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल, तर मी पत्रच लिहीन, निदान दोन महिने आधी. त्यात आवृत्ती, तालमीची आणि परतीची तारीख लिहा. तंतुवाद्यांचे पार्ट मागताना वादक मोजू नका, स्टँड मोजा.