५० लिटरचं स्पिल किट: गेटसाठी घेतलं, मशीनखाली कामाला आलं

हे स्पिल किट, म्हणजे सांडलेलं तेल आवरायचं सामान, मी हौसेने घेतलेलं नाही. नव्या साइटच्या गेटवर आमचं पोकलेन मशीन अडवलं. "स्पिल किट दाखवा, मग आत सोडतो." मशीन ट्रेलरवर नुसतं उभं राहिलं की खोटी आमचीच होते, म्हणून त्याच दुपारी जे पहिलं मिळालं ते मागवलं. आठ महिने झाले. गेटसाठी घेतलेली वस्तू कामाची निघाली का, एवढंच सांगायला बसले आहे.

आमच्याकडे दोन पोकलेन आहेत, दोन्ही २० टनी. चालवतात ऑपरेटर मामा आणि त्यांचा जोडीदार. माझ्याकडे स्टोअर, डिझेल-तेलाचं रजिस्टर आणि बिलं. त्यामुळे यात तांत्रिक पांडित्य कमी आणि हिशेबी डोकं जास्त दिसेल.

किटमध्ये निघालं ते असं: पिवळी चेनची बॅग, तेल शोषणारे तीस पांढरे पॅड, सव्वा मीटरचे तीन सॉक (लोडासारख्या लांब, भरलेल्या नळ्या), दोन छोट्या उश्या, फटी बुजवायचा पुटीचा डबा, हातमोजे, चष्मा, पाच पिशव्या आणि एक माहितीपत्रक. मामांनी एक पॅड उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "ताई, मशीनला लंगोट आणलेत की काय?"

पहिले तीन महिने लंगोट सीलबंदच राहिले. सील तोडलं तर पुढच्या गेटवर "अपूर्ण किट" म्हणून परत पाठवतील ही भीती. तपासायला येणारे साहेबही बॅगेचं सील बघायचे, स्टिकरवरची तारीख बघायचे आणि सही करून जायचे. त्या तीन महिन्यांत कुणी एकदाही वाकून मशीनखाली पाहिलं नाही. मीही नाही.

मग एक दिवस बूमच्या (मशीनच्या लांब हाताच्या) सिलिंडरचा तेलाचा पाइप फुटला. पाइप फुटणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: या आकाराच्या मशीनचा एकेक पंप मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास तेल ढकलू शकतो आणि दाब साडेतीनशे बारच्या (हवेच्या दाबाच्या साडेतीनशे पट) घरात जातो. मामांनी बकेट टेकवून चावी बंद करेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले असतील. नंतर टाकी भरताना मी मोजलं, २२ लिटर बसलं. आणि सहा-सात मीटरवर पावसाचं पाणी वाहून नेणारी चर होती.

सील तेव्हा तुटलं.

सॉक चांगले आहेत, पण माहितीपत्रकातल्या चित्रात ते गुळगुळीत फरशीवर ठेवलेले दाखवलेत. आमच्याकडे ट्रॅकने (पोकलेनच्या लोखंडी पट्ट्यांनी) उखणलेली जमीन. सॉक वरच्या वर राहिला आणि तेल त्याच्या खालून निघून गेलं. हेल्परने फावड्याने बाहेरच्या बाजूने माती दाबून बसवली तेव्हा कुठे अडलं. किटमध्ये फावडं नाही, हा माझा पहिला आक्षेप. मातीत मुरलेलं तेल पॅड ओढून घेत नाही. ती माती खणूनच काढावी लागते, आणि आम्ही ती तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरली.

चरीत उतरलेल्या तेलावर मात्र पॅडनी कमाल केली. हे पॅड पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक धाग्यांचे असतात. तो पदार्थ पाण्याहून हलका, पाण्याला दूर ठेवणारा आणि तेलाला धरून ठेवणारा. मी नंतर बादलीत पाणी घेऊन, वर वाटीभर तेल ओतून मुद्दाम परीक्षा घेतली. पॅड तरंगला, तेल प्यायला, पिळल्यावर पाणी नावालाच निघालं. लाकडाचा भुसा हे करू शकत नाही, तो पाणीही पितो आणि भिजून बुडतो. बाजारात राखाडी पॅडही मिळतात, ते पाणी-तेल दोन्ही शोषतात. उघड्यावरच्या कामाला, पावसात, ते घेऊ नका. पांढरेच घ्या.

आता "५० लिटर" या दाव्याबद्दल. हिशेब असा की पॅडमागे एक लिटर, सॉकमागे चार, उशीमागे चार. पॅड तेलात पूर्ण बुडवून ठेवला तर तेवढं पीतही असेल. पण तसा टच्च भरलेला पॅड उचलला की चारही कोपऱ्यांतून गळतो. पिशवीपर्यंत नेता येईल इतपतच भरला तर किती? बारा वापरलेले पॅड मी काट्यावर टाकले. सात किलो भरले. कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं तर सहा किलो तेल, म्हणजे सातेक लिटर. पॅडमागे अर्ध्या लिटरच्या थोडं वर. तेव्हा ५० लिटरचं किट ३० लिटरचं समजून घ्या, फसवणूक वाटणार नाही.

पिशव्या अगदीच पातळ. पहिलीच उचलताना तळाशी फाटली आणि जे गोळा केलं होतं त्यातलं थोडं पुन्हा सांडलं. हातमोज्यांची बोटं अर्ध्या तासात उसवली. पुटी डिझेलच्या ड्रमला पडलेल्या चिरेवर बसेल, दाबाच्या पाइपवर तिचा काही संबंध नाही.

आणि माहितीपत्रकावर माझा खरा राग आहे. पहिली पायरी "गळती थांबवा", आणि शेजारी पाइपवर हात ठेवलेल्या माणसाचं चित्र! हे चित्र काढणाऱ्याने हायड्रॉलिक मशीन जवळून पाहिलेलं नसावं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून एवढ्या दाबाचं तेल आलं तर ते हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जातं. जखम काटा टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागलेलं असतं. असं झालं तर घरी हळद लावून बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि "दाबाने तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला लांबून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतात, हात नाही. आमच्या हेल्परला पाइपवरून बोट फिरवून बघायची सवय होती. ती मोडायला मला दोन आठवडे लागले आणि त्याच्यावर चार वेळा ओरडावं लागलं.

धुण्याच्या बाबतीतही एक चूक आमचीच. उरलेला तेलकट डाग हेल्परने साबणाची पावडर टाकून पाण्याने धुतला. जागा चकचकीत झाली. पण साबणाने तेल पाण्यात मिसळलं, पांढरट दुधासारखं पाणी चरीत गेलं, आणि त्यावर पॅड टाकला तर तो ढिम्म. साबणाच्या पाण्यातून हे पॅड तेल वेगळं काढू शकत नाहीत. डाग डोळ्यांसमोरून गेला, तेल गेलं नाही.

एवढ्यावर परीक्षण संपवलं असतं तर मी पाचपैकी तीन तारे दिले असते. पण किट उघडलंच होतं, पॅड उरले होते. म्हणून मी मामांना म्हटलं, रात्री मशीन उभं केल्यावर खाली चार पॅड अंथरा.

मामा हसले. "ताई, ते गळणं नाही, घाम आहे. जुन्या मशीनला घाम येणारच."

सकाळी तीन पॅड कोरे, आणि चौथ्यावर ताटलीएवढा डाग. मातीवर हे कधी दिसलंच नव्हतं, कारण माती काळी, तेलही काळं, आणि खाली ओघळलं की वरून बकेटने माती लोटायची ही रीतच. पांढऱ्या कापडावर लपायला जागा नाही. डाग नेमका कंट्रोल व्हॉल्व्हच्या (तेल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) खाली होता. मग तो भाग आधी स्वच्छ धुतला (ग्रीस आणि धुळीच्या थराखाली काही कळत नाही), मशीन गरम होईपर्यंत चालवलं, आणि पुठ्ठा धरून पाहिलं. एका जोडाची ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) गेली होती. काढली तर चपटी, कडक, नखाने मोडेल अशी. उष्णतेने रबर असं होतं. आणि अशा वेळी लोक नट आणखी आवळतात, त्याने गळती थांबत नाही, उलट आटे जातात. नवी ओ-रिंग एक लिटर तेलापेक्षा स्वस्त पडली.

मग मी रजिस्टर काढलं. त्या मशीनच्या पानावर दर आठवड्याला "टॉप-अप ५ लिटर", "टॉप-अप ५ लिटर", माझ्याच अक्षरात. पाच महिने मी ते लिहीत होते आणि कुठे जातंय हे विचारलं नव्हतं. शंभर लिटर! पाइप फुटला तेव्हा २२ लिटरसाठी साइट दोन तास बंद होती, चार साहेब आले, फोटो काढले. आणि हे शंभर लिटर "घाम" म्हणून गेले. वीस थेंबांचा एक मिली धरला तर दहा सेकंदांना एक थेंब म्हणजे दिवसाला चारशे मिलीच्या वर. उभ्या मशीनचा एवढा, तर चालू मशीनमध्ये गरम, पातळ तेल दाबाखाली किती जात असेल ते तुम्हीच धरा.

आमच्या लाइनीत यावर एक ठरलेलं उत्तर आहे: "जमिनीतूनच आलं, जमिनीतच गेलं." ऐकायला झकास. पण ते आलं कितीतरी खोल खडकाखालून. विहिरीला पाणी देणाऱ्या थरातून नाही. आणि आलं तेव्हा त्यात झीज रोखणारी जस्ताची संयुगं नव्हती, पंपातून झिजून आलेले धातूचे कण नव्हते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा जो तवंग दिसतो तो मिलिमीटरचा हजारावा भाग जाडीचाही असू शकतो. त्या जाडीने एक लिटर तेल पसरलं तर हजार चौरस मीटर पाणी झाकतं. हे मी मामांना सांगितलं. ते गप्प बसले, पटलं म्हणून की जेवणाची वेळ झाली म्हणून, ते कळलं नाही.

पण दोष एकट्या मामांचा नाही. वाटीभर तेल सांडलं तरी आणि ड्रम उलटला तरी त्या साइटवर अहवालाचा फॉर्म एकच, चार पानी. वाटीसाठी चार पानं कोण भरणार? माती लोटणं सोपं. नियम नको असं मी म्हणत नाही, आमच्या शंभर लिटरनंतर म्हणूही शकत नाही. पण ज्या तपासणीत बॅगेचं सील मोजलं जातं आणि मशीनखालची माती नाही, ती तपासणी लोकांना सील जपायलाच शिकवते. आम्ही शिकलोच होतो.

जाता जाता ट्रेबद्दल. किट विकणाऱ्याने सोबत गळतीखाली ठेवायचा साधा प्लास्टिकचा ट्रे गळ्यात मारला. पावसाळ्यात घेऊ नका. ट्रे पावसाने भरतो, तेल वर तरंगतं, आणि काठावरून आधी तेलच बाहेर पडतं. पाणी खाली झिरपू देणारी आणि तेल अडवणारी चटई असलेला ट्रे मिळतो, घ्यायचाच तर तो घ्या. त्याच विक्रेत्याने "आपोआप विघटन होणारं" हायड्रॉलिक तेलही सुचवलं. चांगली वस्तू आहे, पण जुनं खनिज तेल दोन टक्क्यांहून जास्त उरलं तर त्याचा गुण जातो, म्हणजे सगळी यंत्रणा धुऊन काढायची. आणि चाचणीत २८ दिवसांत ६० टक्के विघटन झालं की त्याला तसं म्हणता येतं. मातीत सांडायची ती परवानगी नव्हे. आम्ही सध्या ओ-रिंगा बदलतोय.

वापरलेले पॅड कुठे द्यायचे, हे ना पत्रकावर ना बॅगेवर. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "टाका हो कचऱ्यात." नाही टाकायचे. तेलाने माखलेला कचरा घातक कचऱ्यातच जातो. आम्ही पॅड आणि गोण्या झाकणाच्या ड्रममध्ये साठवतो आणि जळकं तेल नेणाऱ्या परवानाधारकाला सोबत देतो. तो कुरकुरतो, पण नेतो.

तारे साडेतीन. पॅडना साडेचार, सॉकना चार, पिशव्यांना एक, आणि त्या पत्रकाला काही नाही. पुन्हा घेताना तयार किट घेऊ नका. जाड पांढरे पॅड सुटे, चार सॉक, जाड पिशव्या, नायट्राइल रबराचे हातमोजे आणि एक फावडं, असं स्वतः जमवा. गेटसाठी मात्र मला एक नवं सीलबंद किट घ्यावंच लागलं. ते केबिनमागे लटकतंय. उघडं किट स्टोअरला असतं आणि त्यातले पॅड रोज संध्याकाळी मामा स्वतः मागून नेतात. परवा म्हणाले, "ताई, आज दोन जास्त द्या, उजव्या ट्रॅकच्या फायनल ड्राइव्हवर माझा संशय आहे."

अकरा उरलेत. शंभरचा गठ्ठा मागवलाय.