सेलिंगची बिनमाणसाची भाजीची टपरी: माल एक नंबर, गल्ल्यावर कोणी नाही, आणि आमच्या गाडीत भांडण

आधी रेटिंग टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून सुटावं. भाजीला पाचपैकी पाच, फळांना चार, पॅकिंगला शून्य (पिशवी आपली आपण न्यायची), आणि सर्व्हिस द्यायला तिथे कोणी माणूसच नसतो त्यामुळे तो रकाना रिकामा.

मिझोराममध्ये आयझॉलहून चंफाईकडे निघालं की वाटेत सेलिंग लागतं. तिथे हायवेच्या कडेला बांबूच्या लहान लहान टपऱ्या आहेत, फळीवर माल मांडलेला, पाटीवर खडूने नाहीतर कोळशाने भाव लिहिलेला, बाजूला पैशाचा डबा, बस. तुम्ही भाव वाचायचा, माल उचलायचा, डब्यात पैसे टाकायचे, सुट्टे हवे असतील तर त्याच डब्यातून आपले आपण घ्यायचे आणि निघायचं. तिकडे याला न्घा लोउ दॉर म्हणतात, म्हणजे राखण न करता चालणारं दुकान.

आम्ही थांबलो ते खरं तर मावशीमुळे. मावशी माळकरी, आणि मिझो जेवणात तिची पंचाईत व्हायची. तिकडे 'बाई' नावाची उकडलेली पालेभाजी सगळीकडे मिळते, दिसायला एकदम साधी, पण तिच्यात बऱ्याचदा सा-उम म्हणजे डुकराची आंबवलेली चरबी असते, शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. म्हणून होमस्टेमध्ये स्वतःच करून खायचं ठरलं आणि भाजी शोधत होतो. तर टपरीवर अंबाडीच्या जुड्या! तिकडे तिला अन्थूर म्हणतात पण पाला तोच, आंबटपणा तोच, मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिवाय बंगळुरूकडे ज्याला चौ-चौ म्हणतात ती फळभाजी, आलं, पॅशनफ्रूट, बाटलीत भरलेला फळांचा रस, आणि मिझो मिरची, जिला जीआय टॅग आहे आणि जी दिसते एवढीशी पण एकीतच भाजी पेटते. एका टपरीत सुकवलेली बारकी मासळी आणि गोगलगायी पण होत्या, त्या फळीकडे मावशीने पाठ केली. सगळा माल ताजा. फळांचा एक मार्क कापला कारण पॅशनफ्रूटमधली एक-दोन सुरकुतलेली होती, पण निवडून घ्यायला कोणी अडवत नाही त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार.

आता मुद्द्याचं. मावशीने डब्यात पैसे टाकले, वर दहाची नोट जास्त टाकली आणि गाडीत बसताना म्हणाली, बघा, यांची देवावर श्रद्धा आहे म्हणून हे चालतं, देवाची भीती गेली की माणूस सुटतो. आणि आमच्यासोबत होता माझ्या नवऱ्याचा मित्र, पक्का नास्तिक, ज्याने आत्ताच रुपयाचा हिशोब करून सुट्टे परत घेतले होते. तो म्हणाला, मावशी, मग आपल्याकडे देवळाबाहेरून चपला कशा जातात, देव तर चार पावलांवर असतो. झालं, पुढचे दोन तास हेच. तो म्हणे आगरकर देव मानत नव्हते तरी कमी पगारात शिकवत राहिले ते कोणाला घाबरून? मावशी म्हणे आणि गाडगेबाबा? तो म्हणे गाडगेबाबा तर माझ्या बाजूचे, दगडात देव नाही म्हणणारे. मावशी म्हणे अरे, कीर्तन कोण करत होतं मग, तू? गाडगेबाबांवरून दोघांची ओढाताण बघून ड्रायव्हरला भाषा कळत नव्हती तरी तो हसत होता.

नवऱ्याने मध्येच शिंगणापूर काढलं. तिथे परंपरेने घरांना दारं नसतात, २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा काढली ते सगळ्यांना माहीत आहे. पण मला नेहमी वाटतं की शिंगणापूरचं उदाहरण मावशीच्या बाजूने दिसतं तेवढं ते नाहीये. चोरी केली तर शनिदेव आंधळा करील ही तिथली समजूत, म्हणजे कोणीतरी बघतोय आणि शिक्षा होणार आहे. मग ते वर बसवलेलं सीसीटीव्हीच झालं की. आणि तरीही तिथे चोरीच्या तक्रारी झाल्याच्या बातम्या येऊन गेल्यातच. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला होता, ऑफिसच्या चहा-कॉफीसाठी असाच पैशाचा डबा ठेवलेला, वरच्या कागदावर एक आठवडा फुलांचं चित्र, एक आठवडा नुसत्या डोळ्यांचं चित्र, आणि डोळ्यांच्या आठवड्यांत, जेवढं दूध संपलं त्याच्या मानाने, जवळपास तिप्पट पैसे जमले. नुसती डोळ्यांची फोटोकॉपी! देव वगैरे लांबच राहिला. म्हणजे बघणारा असला की आपण सरळ वागतो एवढंच त्यातून निघतं, तो बघणारा खरा असावा लागतो असंही नाही.

पण सेलिंगच्या टपरीत डोळे कुठे आहेत? आम्ही थांबलो त्या टपऱ्यांत ना येशूचा फोटो, ना क्रॉस, ना कॅमेरा, ना "पाप लागेल" छाप पाटी. भाव आणि डबा. मला तरी तेच सगळ्यात विलक्षण वाटलं.

शेवटी ड्रायव्हरलाच विचारलं, मोडक्या हिंदीत, की हे चर्चमुळे का? तो आधी म्हणाला हो, मग म्हणाला नाही, मग म्हणाला बसायला वेळ कोणाला आहे. त्याचं तिसरं उत्तर मला सगळ्यात पटलं. ही टपरीवाली माणसं म्हणजे डोंगरउतारावर झूम शेती (जंगल कापून-जाळून करतात ती) करणारे छोटे शेतकरी, शेत लांब, घरात काम करणारे हात मोजके, आणि टपरीत माल दोन-चारशेचा. तेवढ्यासाठी एक माणूस दिवसभर बसवला तर तो माणूस मालापेक्षा महाग पडतो. एखादी जुडी फुकट गेली तरी परवडते. इथे धंद्याचं गणित पण आहे हो, नुसता साधेपणा नाही, आपण शहरातली माणसं फोटो काढून "किती निरागस लोक" लिहितो ते मला जरा झेपत नाही.

अर्थात गणित कितीही बरोबर असलं तरी घेणाऱ्याने पैसे टाकले तरच ते जमतं, आणि तिथे चर्चवाला मुद्दा परत येतो. २०११ च्या जनगणनेत मिझोराममध्ये ८७ टक्के ख्रिश्चन आहेत, रविवारी अख्खं आयझॉल बंद असतं, त्यामुळे बाहेरच्याला वाटणारच की सगळं चर्चमुळे. पण मिशनरी तिकडे पोचले १८९४ ला. आणि मिझो लोक ज्याचं नाव सारखं घेतात ती त्लॉमङाइह्ना, म्हणजे स्वतःच्या आधी दुसऱ्याचं बघणं, न सांगता मदतीला जाणं, ही त्याच्या कितीतरी आधीची. गावातल्या तरुण पोरांचं एकत्र झोपायचं घर असायचं, झॉलबुक, तिथे मोठी पोरं लहानांना हे वळण लावायची. बायबल नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे ही.

मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली मग त्यांचे जुने देव असतील की. असतीलच. पण पूजा कोणाची करायची ते सगळं बदललं, अख्खा धर्म बदलला दोन-तीन पिढ्यांत, आणि ही वागणूक टिकली, तर मग ती धर्मावर उभी होती असं कसं म्हणायचं? त्यावर मावशी गप्प झाली, पण पटलं म्हणून नाही, चंफाईच्या वाटेवरच्या वळणांनी तिला मळमळायला लागलं होतं.

आता नास्तिक मित्रही फार खूश होऊ नये म्हणून त्याला पण ऐकवलं. ही रीत टिकवायला चर्चने काहीच केलं नाही असं नाहीये. बुहफाई थाम म्हणून पद्धत आहे तिकडे, घरातली बाई दर जेवणाला भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते, १९१० पासून चालू आहे. रोज दोन वेळा हाताला द्यायची सवय लागते ती काय वाया जाते? यंग मिझो असोसिएशन ही तिकडची तरुणांची संघटना १९३५ साली निघाली त्यात मिशनरी पण होते, आणि आज कोणाच्या घरी मयत झालं तर कबर खणायला तिचीच पोरं येतात. म्हणजे जुनी सवय, आणि चर्चने तिला बसायला जागा दिली, असं माझं मत. पण नुसतं चर्च पुरतं का? दारूबंदी बघा. चर्चने जोर लावून १९९७ ला दारूबंदी आणवली, मध्ये काही वर्षं उठली, २०१९ ला परत आली, आणि दारू पकडल्याच्या बातम्या चालूच. जिथे धर्माने कायदा मागितला तिथे पोलीस लागतात, आणि जिथे कोणीच कायदा केला नाही त्या टपरीत एक कुलूप नाही. आयझॉलच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजत नाहीत ते पण तसंच, टू-व्हीलर सरळ लाइन धरतात आणि कोणी घुसत नाही. पुण्यात येऊन दाखवा म्हणावं.

आणि एक सांगू, आमच्या गाडीत माळकरी होती, नास्तिक होता, नवरा म्हणजे गणपतीपुरता आस्तिक आणि मी संकटापुरती. परत कधी त्या रस्त्याला जाणार नाही, कोणी ओळखत नाही, तरी चौघांनी पैसे टाकले. का, तर त्या माणसाने विश्वास टाकलाय म्हटल्यावर फुकट उचलायला हातच होत नाही. जपानमध्ये पण गावोगाव असे भाजीचे स्टॉल असतात, आणि तिथे बहुतेक लोक आम्ही कुठल्या धर्माचे नाही असंच सांगतात. आमच्या सोसायटीच्या गेटवर असा स्टॉल टाकला तर? मला वाटतं भाजी नीट विकली जाईल, डबा मात्र बांधून ठेवावा लागेल.

जाणार असाल तर: इनर लाइन परमिट (बाहेरून येणाऱ्यांना लागणारा प्रवेशाचा परवाना) लागतं, लेंगपुई विमानतळावर मिळतं. दहा-वीसच्या नोटा भरपूर न्या, डब्यात सुट्टे असतीलच असं नाही. रविवारी जाऊ नका. मिरची घेतलीत तर हात धुवा, डोळ्याला लावू नका, नवऱ्याने लावला आणि पुढचं भांडण मिटलं.